वैभवी भोजनचं चालू खातं

जवाहर कॉलनी, फरीदाबाद
३ जुलै

प्रिय वैभवी,

सप्रेम जयभीम. आई म्हणते, पत्रात यानंतर 'वि. वि.' लिहितात. त्याचा अर्थ तिला आठवत नाही आणि मला तर येतच नाही, म्हणून ते सोडतो. मुद्दा असा की मी पत्र लिहितो आहे. म्हणजे तुझं ऐकलं आहे.

गाडीत बसताना तू म्हणालीस की यूपीएससीची मेन्स होईपर्यंत फोन बंद, काही बोलायचं असेल तर हातानं लिही आणि पोस्टात टाक, रागात लिहिलेलं पेटीपर्यंत चालत जाईस्तोवर तुझं तुलाच वाचवणार नाही. बिल्कुल खरं निघालं, यार. याआधीची पत्रं पेटीपर्यंत पोचली नाहीत. एक तर मी आमच्या जिन्यातच फाडलं. त्यांत तुझ्या बाबांबद्दल होतं. या पत्रात त्यांच्याबद्दल एवढंच लिहितो की त्या दिवशी करोल बागेतल्या हॉटेलात त्यांनी मला आडनाव दुसऱ्यांदा विचारलं नसतं, तर मीही 'नाव संघपाल आहे काका, आडनावाची गरज राहिली का' असं म्हटलं नसतं, आणि चहा तसाच टाकून उठलो नसतो. पुढच्याच आठवड्यात ते तुला पुसदला घेऊन गेले. अभ्यास घरीही होतो म्हणाले. तू म्हणालीस, तू खरं बोललास, पण उठून तू गेलास आणि तिथं बसून मला राहावं लागलं.

कॉलेज तिसऱ्या वर्षाला भांडून सोडलं, त्यानंतर कॉल सेंटरही भांडूनच सोडलं, त्या दोन्हीचीही माझ्याकडे उत्तरं होती. याचं नाही.

पण तुझी अट लक्षात आहे. 'आधी असं काहीतरी उभं कर, जे तू स्वतःच भांडून पाडणार नाहीस. मग मी घरी तोंड उघडते.' तर ऐक, काहीतरी उभं राहतंय.

धीरज आठवतो? अकोल्याचा, माझ्या वर्गातला. तो पास होऊन गुरुग्रामला नोकरीला लागला. त्याच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये रोज राजमा नाहीतर पनीर. एकदा घरी जेवायला आला, आईच्या हातची ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा ताट पुसून खाल्ला, आणि हात धुताना म्हणाला, हे रोज मिळालं तर मी पैसे देईन. मी म्हटलं, दे. मग त्याच्या मजल्यावरचे नागपूरकर आले, मग सोलापूरची एक मॅडम, मग त्या मॅडमचे पंजाबी साहेब, ज्यांना ठेचा हवा असतो पण भाकरी नको. आता माझ्या स्कूटरला दोन्हीकडून पिशव्या लटकतात. सकाळी डबुआ मंडीतून भाजी, मग आई आणि मी स्वयंपाकाला, मग पाली रोडनं डोंगर ओलांडून गुरुग्राम. मी भाकरी थापायला शिकलो आहे. गोल होत नाही, पण फुगते. आई म्हणते, फुगते म्हणजे मुलगा अगदीच वाया गेलेला नाही.

अडचण एकच. ऑफिसातली माणसं पगार झाला की पैसे देतात आणि मंडीतला माणूस रोज मागतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी वांग्यांकडे बघत उभा राहतो आणि वांगी माझ्याकडे. धीरजनं त्यावर त्याच्या ऑफिसखालची एक बँक सुचवली. त्यांनी नवं चालू खातं काढलं आहे. साध्या चालू खात्याला व्याज नसतं, याला आहे. ठरावीक रकमेच्या वरचे पैसे आपोआप ठेवीत जातात आणि त्यावर चढं व्याज मिळतं. माझ्याकडे वर जाण्यासारखं काही नाही, ते सोड. खरी गंमत पुढे आहे. खातं रिकामं असलं तरी बँक एका मर्यादेपर्यंत पैसे उचलू देते, आणि ते महिन्याच्या आत भरले तर व्याजही नाही, फीही नाही. फुकट ओव्हरड्राफ्ट.

मी तिथल्या क्षिप्रा मॅडमना पुन्हा पुन्हा विचारलं की यात मेख कुठे आहे. त्या ग्वाल्हेरच्या मराठी. शांतपणे म्हणाल्या, 'आपण वकिली करता का?' मी म्हटलं, डबे पोचवतो. तर म्हणाल्या, 'मग बसा, चहा मागवते.' शून्याच्या खाली गेलेल्या माणसाला कोणी बसा म्हणतं, हे मी पहिल्यांदा ऐकलं. ही ऑफर पंधरा ऑगस्टपर्यंत आहे. त्यानंतर खातं उघडणाऱ्याला ओव्हरड्राफ्टवर पहिल्या दिवसापासून व्याज.

असं खातं फर्मच्या नावानं निघतं, म्हणून मी फॉर्मवर एक नाव लिहून दिलं आहे. कोणतं, ते पुढच्या पत्रात सांगेन. आईला मी 'प्रेमला टिफिन' सांगितलं आहे. आपलं नाव बँकेत लागणार म्हणून ती खूश आहे आणि भाज्यांना जास्त तेल घालते आहे.

तू सांगितल्याप्रमाणे हे अभ्यासिकेच्या पत्त्यावर, तिथल्या हेमांगीताईंच्या नावानं टाकतो आहे. घरच्या पत्त्यावर नाही.

तुझाच (हे अजून चालतं ना?),
संघपाल


जवाहर कॉलनी
१२ जुलै

प्रिय वैभवी,

तुझं पत्र आलं. माझ्या पत्रातल्या चुकांची यादी वेगळ्या कागदावर केलीस, त्याबद्दल आभार. दिल्लीकडच्या मुलांनी मराठी लिहिली हेच खूप आहे, असं क्षिप्रा मॅडम म्हणतात. पण तुझ्या यादीच्या खाली एकच प्रश्न होता, दोन रेघा मारून. नाव काय दिलंस?

वैभवी भोजन.

आता कागद खाली ठेव, पाणी पी आणि मग पुढे वाच.

मी ठरवून गेलो नव्हतो. खरंच आईचंच नाव द्यायचं होतं. मॅडमनी विचारलं, 'फर्मचं नाव काय लिहू?' आणि माझ्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही. त्यांनी लिहिलं, मी सही केली. मग धंद्याची सरकारी नोंदणीही त्याच नावानं झाली, मोबाईलवर बसल्या जागी. प्रोप्रायटर संघपाल, फर्म वैभवी भोजन. बाहेर येऊन स्कूटरला किल्ली लावली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय केलं, आणि खोटं कशाला बोलू, मला छान वाटलं. पाली रोडवर दुपारी कोणी नसतं, तिथं मी ते नाव मोठ्यांदा म्हणून पाहिलं.

बँकेचा माणूस घरी येऊन बघून जातो की खरंच धंदा चालतो का. पाटीचा फोटो काढतो, शेजारी विचारतो. म्हणून मी पाटीही रंगवून आणली. पिवळ्यावर लाल. पेंटरनं न सांगता एका कोपऱ्यात वाफाळती कढई काढून दिली. पाटी जिन्याखाली उभी आहे, तोंड भिंतीकडे करून. आईला विचारलं तर सांगितलं, धीरजच्या ऑफिसचं सामान आहे.

आईला का सांगितलं नाही, ते तुला लिहायला मला अवघड जातंय, पण लिहितो. तिला तू माहीत आहेस. करोल बागेतलंही माहीत आहे. त्या दिवशी मी तणतणत घरी आलो, सगळं सांगितलं, तर तिनं तुझ्या बाबांना एका शब्दानंही बोल लावला नाही. तांदूळ निवडत होती. एवढंच म्हणाली, 'चहा दिला ना पण? आमच्या वेळी तोही नव्हता. तू ताठ आहेस बाबा, पण त्या घरी तुला कुठं बसवतील, ते विचारलंस का तिला?' तेव्हापासून घरात तुझं नाव निघत नाही. रागानं नाही. ती मला वाचवते आहे असं तिला वाटतं.

आणि त्याच घराच्या जिन्याखाली तुझं नाव हातभर मोठ्या अक्षरांत उभं आहे. कपडे वाळत घालायला ती रोज त्या पाटीवरूनच जाते.

रागवू नकोस. आणि रागावलीस तर तूही पेटीपर्यंत चालत जा.

तुझा
संघपाल


जवाहर कॉलनी
२३ जुलै

वैभवी,

तू पेटीपर्यंत चालत गेलीस तरी तुझा राग उतरला नाही, हे दिसलं.

तुझं पत्र मी गुरुग्रामच्या उद्योग विहारमध्ये एका टॉवरच्या पायरीवर बसून वाचलं. सगळं तुला परत लिहून दाखवत नाही. पण हे एक वाक्य मला पाठ झालं आहे, 'माझं नाव आधी बाबांनी त्यांच्या मनानं ठेवलं, आता तू तुझ्या मनानं पाटीवर लावलंस. मला विचारावं असं तुमच्यापैकी कोणाला सुचत कसं नाही?'

मला आणि तुझ्या बाबांना एका ओळीत बसवलंस. खरं सांगतो, डोकं फिरलं. तिथंच धीरजकडून कागद मागून उत्तर लिहिलं. की लोक प्रेमात गाड्यांवर, हातांवर नावं लिहितात, मी निदान धंद्यावर लिहिलं. की तुला अभिमान वाटायला हवा होता. खूप लिहिलं. धीरजनं वाचायला मागितलं, वाचलं आणि म्हणाला, 'मस्त आहे. तिच्या बाबांना पाठव, त्यांना आवडेल.'

नालायक आहे तो. पण पत्र फाडलं.

डबे गोळा करून बँकेत गेलो. मॅडमना म्हटलं, फर्मचं नाव बदलायचं आहे. त्यांनी सांगितलं की नाव बदलायचं म्हणजे नोंदणीपासून सगळं नव्यानं, आणि आधीची फाईल मंजुरीला गेलेली, तर पंधरा ऑगस्टच्या आत नवी बसणं कठीण. 'आपल्याला फुकट ओव्हरड्राफ्टच हवा होता ना? मग असू द्या की नाव. चांगलं आहे.' मी म्हटलं, चांगलं आहे, पण माझं नाही. त्यांनी जरा बघितलं माझ्याकडे. मग म्हणाल्या, 'मग अर्ज रद्द करा म्हणून मेल टाका.'

बाहेर गार्ड स्कूटर हटव म्हणून ओरडत होता. एरवी मी त्याला सोडलं नसतं. या वेळी स्कूटर हटवली, झाडाखाली उभा राहिलो आणि मेल टाकला. अर्ज रद्द करावा. खाली नाव लिहिलं आणि पाठवला.

तर आता खातं नाही, ओव्हरड्राफ्ट नाही. मंडीतल्या माणसाला महिनाअखेरी काय सांगायचं ते बघेन. पाटी तेवढी आहे अजून, ती पुसून आणायला पेंटर या आठवड्यात रिकामा नाही. तू मागितलेलं काहीतरी उभं करायला निघालो होतो, आणि तुझ्याच नावावरून ते बसलं. हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. झालं ते सांगतो आहे.

तुझं नाव तुझ्याकडे परत. मला ते विचारून घ्यायला हवं होतं.

अभ्यास कर. डोळ्यांना त्रास होत होता ना तुला, चष्मा बदललास का?

संघपाल


जवाहर कॉलनी
१ ऑगस्ट

प्रिय वैभवी,

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहितो आहे, कारण घरात एक गोष्ट घडली आहे आणि ती तुला माझ्याकडूनच कळलेली बरी.

बँकेनं माझा मेल उघडलाच नव्हता. काल दुपारी मी गुरुग्रामला असताना त्यांचा पाहणी करणारा माणूस घरी येऊन गेला. मी नव्हतो. पुढचं सगळं मला थोडं आईनं आणि बरंच शेजारच्या भानुमती आंटीनं सांगितलं, आणि आंटी वाढवून सांगते हे धरून चाल.

तो गळ्यात पट्टा, हातात मोबाईल घेऊन आला आणि विचारलं, 'वैभवी भोजन यही है?' आईनं सांगितलं, नाही, हे प्रेमला टिफिन. त्यानं मोबाईल बघितला. पत्ता हाच, मालक संघपाल, फर्म वैभवी भोजन. आई पुन्हा म्हणाली की नाही. मग तो शेजारी गेला. आंटीला विचारलं की इथं वैभवी कोण राहते. आंटी बाहेर आली, आणखी दोघी-तिघी गॅलरीत आल्या. आंटी म्हणाली, असं कोणी नाही, पण जिन्याखाली एक पाटी आहे बघा, पोरगा लपवून ठेवतो. आणि तिनंच ती पाटी फिरवली.

आई हातात झारा घेऊन तिथं उभी. पिवळ्यावर लाल, वाफाळती कढई, आणि तुझं नाव.

तो माणूस म्हणाला, 'माताजी, आप तो मना कर रही थीं. ये वैभवी है कौन?' तसा साधाच प्रश्न. पण त्यामागे त्याची नजर होती म्हणे, घरावर, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोवर, आईवर, आणि बोट मोबाईलवर टेकलेलं, काय लिहू या थाटात.

आंटी सांगते की आईनं झारा कडेला ठेवला, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, 'यही है वैभवी भोजन. बहू का नाम है.'

तो म्हणाला, बहू दिसत नाही.

'मायके गई है. परीक्षा है उसकी. बड़ी वाली.'

मग तिनं त्याला आत बोलावलं, पाटी दाराशी उभी करून फोटो काढू दिला, आणि तो नको नको म्हणत असताना ताटात भाकरी-भाजी वाढली. तो जेवून, आशीर्वाद मागून गेला. हे आशीर्वादाचं आंटीनं घातलं असेल.

मी संध्याकाळी आलो तर पाटी दाराशीच. आई डबे घासत होती. मी शेजारी बसलो आणि घासायला लागलो. आई रागावली की तिची भाषा फरीदाबाद सोडून दर्यापूरला, वऱ्हाडीवर जाते, म्हणून मी कान देऊन होतो. शेवटी म्हणाली, 'मायं नाव सांगून तिचं लिहून राहिला होता तू?'

मी हो म्हटलं. सांगितलं की अर्ज मी रद्द करायला टाकला आहे, वैभवीच नाव काढ म्हणाली म्हणून. हे ऐकून ती थांबली. डब्याचं झाकण हातात. 'ती म्हणाली काढ? आणि तू काढलं? भांडला नाही?' मी म्हटलं, नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं की ताप आहे का बघायला हात लावेल असं वाटलं.

मी विचारलं, तू तसं का सांगितलंस त्याला. तेव्हा ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो.

'मी नाही म्हटलं असतं तर तो लिहून गेला असता, हे लोक खोटे आहेत. आपल्या घराबद्दल तसं कोणी लिहिलेलं मला चालणार नाही. म्हणून मी एक खोटं बोलले. मला आता शेजाऱ्यांसमोर खोटी पाडू नको.'

मी म्हटलं, आई, ते माझ्या एकट्याच्या हातात नाही.

'मग जिच्या हातात आहे तिला सांग.'

तर सांगतो आहे. पण मागत काही नाही. क्षिप्रा मॅडमचा आज फोन आला होता. पाहणीचा अहवाल चांगला आहे, शेऱ्यात लिहिलंय की कुटुंब प्रामाणिक, सून परीक्षेसाठी माहेरी. हसत होत्या. म्हणाल्या, खातं मंजूर आहे, पहिला भरणा केला की चालू, आपला रद्दचा मेल मी वाचला नाही असं समजू का? मी म्हटलं, समजू नका अजून. थोडे दिवस द्या.

भरणा मी केलेला नाही. तू हो म्हणाल्याशिवाय करणार नाही. आणि नाही म्हणालीस तर आईला मी समजावेन, तुझ्यावर काही येणार नाही. ती पाटी मात्र आत घेऊ देत नाही. म्हणते, आता काढली तर लोक विचारतील सून पळाली का.

तुझा
संघपाल


जवाहर कॉलनी
११ ऑगस्ट

प्रिय वैभवी,

तू फोन केलास. माझ्या आईला.

नंबर तुझ्याकडे कुठून आला हे मी विचारणार नाही, डब्याच्या चिठ्ठीवर असतो, धीरज नालायक आहे हे मी आधीच लिहिलं आहे. पण मी समोर होतो, यार. हाताला ज्वारीचं पीठ, परातीसमोर बसलेलो. आईनं फोन उचलला, 'कोण? कोण वैभवी?' म्हणाली, माझ्याकडे बघितलं, आणि पाठ फिरवून बाल्कनीत गेली. दार ओढून घेतलं. दारातून मला तुटक तुटक ऐकू येत होतं. 'अभ्यास करून राहिली ना?' मग, 'अगं, पुसदची अंबाडी कशी असते मला सांगू नको, माझी मावशी तिथलीच.' मग बराच वेळ फक्त 'हो', 'हो का', 'बरोबर आहे तुझं'. मग ती हसली. माझ्या तव्यावरची भाकरी जळली.

आत आल्यावर तिनं आधी भाकरी बघितली, ती काढून टाकली, मग बसली. मी विचारलं, काय म्हणाली. तर म्हणे, काही गोष्टी आम्हा दोघींतल्या आहेत. तुझ्यापुरतं सांगते. आणि तिनं तुझं बोलणं पाठ केल्यासारखं सांगितलं, 'नाव राहू द्या काकू. पण नुसतं नाव नको. त्याला सांगा, फर्म निम्मी माझी, आणि सहीसुद्धा माझी. सुनेचं पुढं बघू, आधी भागीदार करा.'

मी म्हटलं, एवढंच? आई म्हणाली, एवढंच काय कमी आहे? वर म्हणाली, पोरगी पक्की आहे. तुला पुरून उरेल.

त्याच दिवशी बँकेत गेलो. ऐक, कारण आता तुला ऐकण्याचा हक्क आहे. एकट्याच्या फर्मचं मंजूर खातं भागीदारीचं करता येत नाही. आधी भागीदारीचा करार, मुद्रांकाच्या कागदावर. मग फर्मचं वेगळं पॅन कार्ड, आणि त्यानंतर बँकेचा नवा अर्ज. हे काही पंधरा ऑगस्टच्या आत होत नाही. म्हणजे फुकट ओव्हरड्राफ्ट गेला. मॅडमनी मला समजावलं की आधी हे खातं चालू करा, फायदा घ्या, भागीदारीचं सावकाश बघू. गोष्ट शहाणपणाची होती. मी दोन मिनिटं विचारही केला.

मग म्हटलं, नको. ते तिचं नाव माझ्या एकट्याच्या सहीखाली राहील. आधीच एकदा तसं केलं आहे.

त्यांनी माझा जुना मेल शोधून काढला आणि माझ्यासमोर अर्ज बंद केला. नव्या खात्यावर ओव्हरड्राफ्ट मिळेल, पण पहिल्या दिवसापासून व्याज. बाकी सगळं तेच, वर गेलेल्या पैशांवर चढं व्याजही तेच. तुझा निम्मा हिस्सा आला की काहीतरी वर जाईलही, तू असताना मला वायफळ काही आणू देणार नाहीस.

महिनाअखेरीचं म्हणशील तर त्यावरही एक सुचलं. निम्मे पैसे आधी द्या असं गिऱ्हाइकांना म्हणायची मला इतके दिवस लाज वाटायची, आणि कोणी नाही म्हणालं तर भांडण होईल ही भीती. आता मी एवढंच म्हणतो, माझी भागीदार ऐकत नाही. सोलापूरच्या मॅडमनी लगेच दिले. पंजाबी साहेब म्हणाले, पार्टनर समझदार लगती है. धीरजनं दिले नाहीत, तो म्हणतो तुझ्या भागीदाराला मी ओळखतो. मंडीतला माणूस मला विचारत होता, तबियत ठीक आहे ना, आज घासाघीस केली नाही.

आता महत्त्वाचं. करारावर आणि बँकेत, दोन्हीकडे दोन्ही भागीदार समक्ष हजर लागतात. फोटो, अंगठा, सही, अधिकाऱ्यासमोर. टपालानं चालत नाही, मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, 'त्यांना यावंच लागेल.' मी म्हटलं, हे मला लेखी देता का?

तुझं मेन्सचं केंद्र दिल्लीच आहे, हे तू आईला सांगितलंस, मला नाही. बरं झालं, मी आधीपासून जागा राहिलो असतो. तुझे बाबा बरोबर येणार आहेत हेही सांगितलंस. पेपर संपेपर्यंत मी तुझ्या केंद्राच्या आसपास फिरकणार नाही, शब्द देतो, आणि या वेळी पेटीपर्यंत चालत जाऊन आल्यावर देतो आहे. शेवटचा पेपर झाला, झोप झाली, की मग ठरव कधी यायचं. आणि बाबांना काय सांगायचं, सांगायचं की नाही, तेही तूच ठरव. तुला बाबांसमोर बसावं लागलं तर या वेळी मी उठून जाणार नाही, एवढं मी करू शकतो.

आणि नाहीच आलीस तर करार होणार नाही, खातं निघणार नाही, आणि मी रोख पैशांवर डबे पोचवत राहीन. पाटीचं मग आई आणि तू बघा, त्यात मी पडत नाही.

एक राहिलं. आईनं ठरवलं आहे की परीक्षेच्या दिवसांत तुझा आणि बाबांचा डबा आपल्याकडून जाईल, तुम्ही उतराल तिथं. धीरज आणून देईल, मी नाही. मी म्हटलं, तिच्या बाबांनी आपल्या घरचं खाल्लं नाही तर? आई पीठ चाळत होती. म्हणाली, 'डबा दोघांचा पाठवायचा. खायचं की नाही ते ज्यानं त्यानं बघावं. आपण कमी का पाठवायचं?'

मग बिल कोणाच्या नावावर लावू, असं मी उगाच चिडवायला विचारलं. तर म्हणाली, भागीदाराकडून कोणी पैसे घेतं का रे.

ती आत्ता पुन्हा आतून ओरडून विचारते आहे. तुला तिखट कसं चालतं आणि बाबांना कसं, एवढं कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझा
संघपाल